फुकटच्या माशाची किंमत

पावसाळ्याची पहिली झड सरून आठवडा लोटतो न लोटतो तोच वाशिष्ठीच्या खोऱ्यातील आमच्या गावात दरवर्षी एक छोटेखानी मोहीम सुरू होते. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून पिंपे, हौद आणि कुंड्यांखालच्या बश्या तपासतात. धूर सोडणारे यंत्र तिन्हीसांजेला आळीआळींतून घरघरत जाते. आणि ज्याच्या परसात विहीर किंवा हौद असेल त्याच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीतून वीस-पंचवीस ‘गप्पी’ मासे विनामूल्य ठेवले जातात. हे मासे डासांच्या अळ्या खातात. त्यांना औषध लागत नाही, वीज लागत नाही, पगार लागत नाही. सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीने याहून स्वस्त योजना सुचणे कठीण. मीही अशी एक पिशवी घेतली होती आणि ती घेताना मला मोठे समाधान वाटले होते. परंतु किंमत आणि मूल्य यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याने या पिशवीची खरी किंमत काय, हे ती घेण्यापूर्वी विचारावयास हवे होते. मी ते काही वर्षांनी विचारले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उशिरा मांडलेल्या प्रश्नाचा हिशेब होय.

प्रसंग २०१८ च्या भाद्रपदातला. माझी थोरली मुलगी त्या वेळी बारावीत होती. तिला डेंग्यूचा ताप आला. रक्तातील प्लेटलेटची संख्या रोज उतरत गेली आणि पाच रात्री आम्ही उभयतांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून काढल्या. मुलगी सुखरूप घरी आली. पण आळीत चर्चा सुरू झाली ती आमच्या परसातील हौदाची. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि कमरेइतका खोल असा हा जांभ्याचा हौद माझ्या वडिलांनी पोफळींच्या शिंपण्यासाठी बांधलेला. त्यात दोन कमळे लावली होती, आणि पाण्यात अळ्या होत्या हेही खरे. हौद बुजवा, असे शेजाऱ्यांचे म्हणणे पडले. आरोग्य कर्मचाऱ्याने मधला मार्ग सुचविला: बुजवू नका, गप्पी सोडा. महिन्याभरात हौदात अळी औषधालाही उरली नाही. वर्षभरात वीस माशांचे कित्येक शे झाले. ते मी शेजाऱ्यांना दिले, विद्यार्थ्यांना दिले, आणि या दानशूरपणाबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

या आनंदात दोन गोष्टी नजरेआड झाल्या. पहिली ही की, माझ्या मुलीच्या आजारात हौद बहुधा निर्दोष होता. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, आणि त्याची मादी अंडी घालते ती मुख्यत्वे घरातील व घराभोवतीच्या लहान साठ्यांत: पिंपात, जुन्या टायरात, नारळाच्या करवंटीत, फ्रीजच्या मागील तबकात. आमच्या फ्रीजच्या तबकात वळवळणाऱ्या अळ्या पुढे मीच पाहिल्या. दुसरी गोष्ट कळावयास महापूर यावा लागला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण व परिसर बुडविला, तेव्हा आमचा हौद, परसामागचा पऱ्या आणि नदी यांत काही भेद उरला नाही. पाणी ओसरले तेव्हा हौदात गाळ होता. मासा एकही नव्हता. मासे मेले, असे मी समजलो. पुढच्या उन्हाळ्यात पऱ्याच्या डोहात वाकून पाहिले तेव्हा ते मेलेले नव्हते, एवढे कळले.

या डोहात माझ्या लहानपणी बोटभर लांबीचा एक मासा असे. पाठ चपटी, तोंड वरच्या बाजूस वळलेले, अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या ओळी आणि मागील भागात काळसर उभे पट्टे. डोक्यावर मधोमध रुपेरी टिकली. गढूळ पाण्यातही ती चमकताना दिसे. आम्ही मुले त्याला ‘टिकलीवाला’ म्हणत असू. शास्त्रज्ञ त्याला ॲप्लोकायलस लिनिएटस म्हणतात. त्या उन्हाळ्यात डोहात एकही टिकली दिसली नाही. होते ते गप्पींचे थवे. हा दोष सर्वस्वी माझ्या हौदाचा, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. पऱ्याला सिमेंटच्या भिंती आल्या आहेत, न्हाणीघरांचे साबणाचे पाणी त्यात उतरते, आणि गप्पी वाटून घेतलेला मी एकटाच नव्हतो. परंतु त्या अनेक कारणांपैकी एक माझ्या हाताने पिशवीतून आले होते.

१९१२ ची पुस्तिका आणि १९२८ चा पाहुणा

डासांविरुद्ध मासा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला आणि डास हा सार्वजनिक शत्रू ठरला. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापावर आपला गाजलेला अहवाल सादर केला. शहरातील विहिरींत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्साय हा डास त्याचे मूळ आहे, असे त्यांनी दाखवून दिले. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, हा त्यांचा उपाय. त्याला पारशी व हिंदू समाजांतून धार्मिक कारणास्तव विरोधही झाला. पाणी ठेवूनही डास कसा मारावा, हा प्रश्न अशा रीतीने शतकापूर्वीच आपल्यापुढे उभा होता.

त्याचे उत्तरही जवळजवळ त्याच वेळी तयार होते. १९१२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने स्यूअल आणि चौधुरी या दोघा अभ्यासकांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा विषयच मुळी डासनाशक म्हणून उपयुक्त ठरलेले भारतीय मासे हा होता, आणि आमच्या टिकलीवाल्याचे कुल त्यात मानाच्या जागी होते. पुढे १९३८ साली सुंदरलाल होरा व मुकर्जी यांनी याच विषयाची अधिक पद्धतशीर मांडणी केली. म्हणजे कोणता देशी मासा अळ्या खातो, तो कसा ओळखावा, याचे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. असे असूनही १९२८ साली इटलीमार्गे भारतात आणला गेला तो गॅम्बुशिया, मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला. दक्षिण अमेरिकेतील गप्पी त्यापूर्वीच, शतकाच्या आरंभी येऊन दाखल झाला होता.

परक्या माशाची निवड का झाली असावी? त्याचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा प्रशासनाच्या स्वभावात अधिक सापडेल. गप्पी आणि गॅम्बुशिया अंडी घालत नाहीत. थेट पोहणारी पिल्ले देतात, आणि तीही महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने. पिल्ले पोटात असलेली एकटी मादीसुद्धा नव्या जागी वंश उभा करू शकते. घाण पाणी, कमी प्राणवायू, कडक ऊन हे सारे त्यांना चालते. एका टाकीत पैदास करावी आणि साऱ्या जिल्ह्याला वाटावी, असा हा मासा आहे. देशी मासा अंडी घालतो, त्याला पाणवनस्पती लागतात, त्याची वाढ बेताची असते, आणि तो या खोऱ्यातला वेगळा, त्या खोऱ्यातला वेगळा. कोणत्याही खात्याला एकच वस्तू सर्वत्र पुरविणे सोपे जाते. सोयीची वस्तू आणि योग्य वस्तू यांत निवड करावयाची वेळ आली म्हणजे सरकारी कचेरीत बहुधा सोयीची वस्तू जिंकते.

नंतर डी.डी.टी.चे युग आले आणि मासे काही काळ विस्मरणात गेले. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली. पण डास औषधाला सरावले, यंत्रणा सैलावली, आणि १९७६ साली ही संख्या ६४ लाखांवर गेली. एकाच साधनावर सारी भिस्त ठेवण्याचा हा परिणाम. मग पुन्हा माशांची आठवण झाली. पण पैदास टाक्यांत तयार होते ते गप्पी आणि गॅम्बुशियाच.

दरम्यान जगाचे मत बदलत चालले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ सालीच गॅम्बुशियाची शिफारस करणे थांबविले. स्थानिक माशांना त्याच्यापासून होणारी इजा हे त्याचे मुख्य कारण. तो इतर माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी व पिल्ले खातो, बेडकांच्या पिल्लांनाही सोडत नाही. इ. स. २००० मध्ये जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत त्याचे नाव आहे. आपल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०१८ साली गॅम्बुशिया व गप्पी या दोघांनाही आक्रमक परकीय जातींत गणले, आणि पुढे राष्ट्रीय हरित लवादाने यांच्या वापराबाबत केंद्र सरकारकडे उत्तर मागितले. ज्याला सरकारच्या एका शाखेने उपद्रवी ठरविले, तोच मासा दुसऱ्या शाखेकडून उपकार म्हणून घरपोच मिळावा, ही विसंगती लहान नव्हे.

काजू आणि गप्पी

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. परके ते सर्व वाईट, असे म्हणावयाचे तर कोकणी माणसाने काजू विसरला पाहिजे. मिरची, बटाटा, टोमॅटो स्वयंपाकघरातून हद्दपार केले पाहिजेत. हे सारे समुद्रापलीकडून आले आणि आपलेच झाले. मला परकेपणाचे वावडे नाही. प्रश्न आहे तो आवराचा. काजूचे झाड नको झाले तर तोडता येते. त्याची किंमत आणि त्याचा लाभ बव्हंशी बागायतदाराच्याच पदरी पडतात. वाहत्या पाण्यात एकदा शिरलेला मासा परत बोलावता येत नाही. १९५२ साली भारतात आलेल्या तिलापियाचा इतिहास सांगतो तो हाच. खाण्यासाठी म्हणून आणलेला हा मासा आज देशातील कितीतरी जलाशयांत ठाण मांडून बसला आहे आणि त्याला तेथून काढण्याचा उपाय कोणालाही सापडलेला नाही.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे जे विवेचन केले, त्याचे उदाहरण म्हणून आम्ही वर्गात कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवितो. आता मला परसातील हौदाकडे बोट दाखवावेसे वाटते. लाभ माझा: अळ्या गेल्या, शेजारी गप्प झाले. खर्च पऱ्याचा. पऱ्याच्या वतीने पावती फाडणारा कोणी नसल्यामुळे तो खर्च शून्य आहे, असे मी धरून चाललो. शिवाय हा खर्च परत न फिरणारा आहे. पैशाचे नुकसान भरून काढता येते; डोहातून गेलेली जात भरून काढता येईलच, असे नाही. ज्या व्यवहारात नुकसान कायमचे होण्याचा संभव असतो, तेथे थोडा अधिक त्रास घेऊन सावध पर्याय निवडणे हाच काटकसरीचा मार्ग होय.

कोणता मासा निवडावा?

तो सावध पर्याय आपल्या अंगणापासून फार दूर नाही. प्रथम डासाची अळी कोठे राहते, ते पाहू. ती पाण्यात वाढत असली तरी श्वास हवेतील घेते. त्यासाठी तिला वारंवार पृष्ठभागाशी यावे लागते. ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, क्युलेक्सची तिरकी लोंबकळते. तेव्हा आपणास हवा तो पृष्ठभागावर चरणारा, वरच्या बाजूस तोंड असलेला, लहान व चपळ मासा. रोहू, मृगळ किंवा मरळ यांचे येथे काम नाही: पहिले दोन मधल्या व खालच्या थरांत चरतात, आणि मरळ हौदातील इतर माशांचाच फडशा पाडते. शोभेचा सोनेरी मासा अळ्या खातो खरा. पण तोही परकाच.

कोकण आणि गोव्यातील हौदासाठी टिकलीवाला पहिल्या क्रमांकाचा. त्याचे सारे आयुष्य पाण्याच्या वरच्या चार बोटांत जाते. मल्याळी लोक त्याला आकाशाकडे डोळे असलेला अशा अर्थाच्या ‘मानत्तुकण्णी’ या नावाने ओळखतात, आणि त्याच्या बंगाली भावंडाला, ॲप्लोकायलस पॅन्चॅक्सला, बंगालीत डोक्यावरच्या टिकलीमुळे ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, हे नाव आहे. लोकभाषेने या माशाची खूण आणि सवय अचूक टिपली आहे. तो अंडी पाणवनस्पतींना चिकटवितो आणि ती सुमारे दोन आठवड्यांत फुटतात. म्हणून हौदात थोडी वनस्पती हवीच. तो उड्या मारण्यात पटाईत आहे. पाणी काठापासून वीतभर खाली ठेवावे. अगदी लहान माशांना तो गिळतो, हेही ध्यानात असावे.

घाटावर ओढ्या-नाल्यांत आढळणारा, अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ असलेला रासबोरा डॅनिकोनियस हा दुसरा उमेदवार. तो थव्याने राहतो आणि पृष्ठभागाजवळ चरतो. त्याला मोकळे, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात साचलेल्या पाण्यात राहणारा स्यूडोस्फ्रोमेनस क्युपॅनस हा लहानसा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो. जेथे पाण्यातील प्राणवायू कमी, तेथे तो तगतो. पुंटियस जातीचे मासे सर्वत्र मिळतात, पण ते मधल्या व खालच्या थरात अधिक रमतात. अळ्यांसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

‘देशी’ या शब्दाचा अर्थही येथे काटेकोरपणे घ्यावयास हवा. कटला हा भारतीयच. पण तो गंगेच्या खोऱ्यातला, सह्याद्रीतील नदीला तो पाहुणाच. हौदात सोडावयाचा मासा त्याच खोऱ्यातला, शक्य तर त्याच ओढ्यातला असावा. बाजारात काचपेट्यांसाठी विकले जाणारे देखणे देशी मासे घेण्याचा मोहही टाळावा. केरळ-कर्नाटकातील नद्यांतून व्यापारासाठी बेसुमार पकडला गेलेला डेनिसनचा मासा त्यापायीच संकटात आला आहे. अभयारण्यातून मासा आणू नये, आणि सामान्य जातीचेही दहा-बारापेक्षा अधिक उचलू नयेत. आठ बाय पाचच्या हौदाला एवढे पुरतात.

रीत सोपी आहे. पावसाळा संपून पाणी निवळले म्हणजे भाताच्या पाटात किंवा पऱ्यात दोघांनी पंचा धरून मासे काढावेत. हे आमच्याकडील मुलांना शिकवावे लागत नाही. गप्पी आले असतील तर वेगळे काढावेत. मासे दोन आठवडे वेगळ्या टपात ठेवून रोगट नाहीत, याची खात्री करावी. नळाचे पाणी असेल तर ते एक-दोन दिवस उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्यावा. मासे सोडल्यावर त्यांना खाऊ घालण्याचा लळा लावू नये. पोट भरलेला मासा अळीच्या मागे लागत नाही. काठाची दाट वेल-पाने विरळ करावीत, कारण तेथे अळ्या लपतात आणि माशाला शिरता येत नाही. उन्हाळ्यात दोन फूट तरी पाणी राहील, असे पाहावे. आणि आठवड्यातून एकदा पांढऱ्या वाटीने चार ठिकाणचे पाणी घेऊन पाहावे: पांढऱ्या तळावर अळी लगेच दिसते. ही वाटी हेच आपले लेखापरीक्षण.

हे केवळ हौशी लोकांचे खूळ नाही. १९९० च्या दशकात गोव्यात हिवतापाने उचल खाल्ली तेव्हा हिवताप संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी टिकलीवाल्याचा धाकटा भाऊ, ॲप्लोकायलस ब्लॉकी हा स्थानिक मासा, एका जैविक अळीनाशकाच्या जोडीने स्टीफेन्साय डासाविरुद्ध वापरला. त्या प्रयोगाचे अनुकूल निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर, आपल्या माशाने, आपल्याच डासाविरुद्ध काम करून दाखविले आहे. उणीव आहे ती ते काम पुढे चालविण्याची.

माशाच्या मर्यादा

तथापि माशाला देवत्व देण्याचे कारण नाही. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. माशांमुळे पाण्यातील अळ्या कमी होऊ शकतात. परंतु त्यामुळे माणसांतील हिवताप कमी होतो, असे म्हणण्याजोगा विश्वसनीय पुरावा त्यांना आढळला नाही. मासा हौदातील काम करतो. करवंटीतले करू शकत नाही. डेंग्यूचा डास ज्या लहान भांड्यांत वाढतो ती आठवड्यातून एकदा उपडी करून कोरडी करणे, याला पर्याय नाही, कारण अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. आणि भांडी भरून का ठेवावी लागतात, हाही प्रश्न विचारला पाहिजे. जेथे नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे प्रत्येक गृहिणीला पिंप भरून ठेवणे भाग असते. मग दंड पिंपाच्या मालकाला होतो. अनियमित पाण्याला होत नाही. डासांच्या अर्थशास्त्रातील हे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे.

गप्पीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पूर्णपणे बंद अशा टाकीत, जेथून पाणी बाहेर वाहत नाही, तेथे त्याच्यापासून होणारी हानी अल्प. शहरातील गटारांच्या सांडपाण्यात, जेथे दुसरा कोणताच मासा जगत नाही, तेथे तो काम करतो. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी ‘बंद’ हा शब्द जपून वापरावा लागतो. चार दिवसांच्या मुसळधार पावसात कोणती टाकी बंद राहते, हे आम्ही २०२१ साली पाहिले आहे.

काय करता येईल?

मागणी फार मोठी नाही. एक: ओढे, नद्या, तळी आणि उघड्या विहिरी यांत परके मासे सोडणे आरोग्य यंत्रणेने थांबवावे. दोन: मत्स्य विभागाने प्रत्येक खोऱ्यातील एक-दोन अळीभक्षक जातींची पैदास हाती घ्यावी. हे काम खाजगी व्यापारी करणार नाही, कारण त्यात नफा नाही. आणि ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो पण दाम कोणी देत नाही, ती पुरविण्यासाठीच सरकार नावाची संस्था असते. महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग यात विद्यार्थ्यांसह सहज सामील होऊ शकतील. तीन: २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी ज्या नोंदवह्या तयार होतात, त्यांत औषधी वनस्पतींबरोबर ओढ्यातील बोटभर माशांचीही नोंद व्हावी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात माशांच्या जातींचे वर्णन आले आहे. नऊशे वर्षांनंतर आपल्या ग्रामपंचायतींना आपले मासे नावानिशी ठाऊक नसावेत, हे शोभादायक नाही.

आणि तोपर्यंत ज्याच्या परसात हौद आहे त्याने आपल्यापुरता निर्णय घ्यावा. महापुरानंतर हौद साफ करून मी त्यात पुन्हा गप्पीच सोडले होते, कारण पऱ्यातले थवे तोवर पाहिले नव्हते. ते पाहिल्यावर, २०२३ च्या वैशाखात, हौद तळापर्यंत उपसला. बादलीभर गप्पी महाविद्यालयाच्या काचपेट्यांकडे गेले. टिकलीवाला आणण्यासाठी मात्र परसामागचा पऱ्या उपयोगी पडला नाही. त्याच पऱ्याच्या उगमाकडे, डोंगराच्या बाजूला दोन मैल चालत जावे लागले, तेव्हा एका शेवाळलेल्या डोहात त्या रुपेरी टिकल्या दिसल्या. बारा मासे आणले. दुसऱ्या पावसाळ्यात कमळाच्या पानांखाली नखाएवढी पिल्ले फिरू लागली.

मुलगी आता नोकरीनिमित्त पुण्यास असते. गणपतीला घरी आली की ती प्रथम फ्रीजमागचे तबक ओढून पाहते आणि मग पांढरी वाटी घेऊन हौदावर जाते. गेल्या खेपेस चारही ठिकाणच्या पाण्यात अळी नव्हती. हौदाची सांडवाट मात्र पूर्वीसारखीच पऱ्याकडे जाते. ती मी बुजविलेली नाही. येत्या आषाढात हौद भरून वाहिला आणि त्यांतले चार-दोन मासे पाण्याबरोबर निसटले, तर ते आपल्या घरीच जातील.